एका लॉटला एक हात

"हात पूस आधी," गिरजामावशी म्हणाली.

"पुसलेत की."

"मग परत पूस. तू हात पुसत न्हाईस, नुसतं हाताला सांगतीस, पुसलं म्हणून."

मी परत पुसले. फडका पांढराशुभ्र होता, तिच्याच जुन्या पातळाचा फाडलेला, चारी कडांना टीप घातलेला. दर शनिवारी ती तो घरी नेऊन धुवायची आणि सोमवारी घडी घालून आणायची. एखाद्या देवस्थानाचं वस्त्र असावं असा तिचा रुबाब. मला हसू यायचं. बावीस वर्षांच्या पोरीला कशाकशाचं हसू येतं, त्यातलंच ते.

एक्क्याण्णव साल होतं. काडतूस कारखान्यात मला नुकती नोकरी लागली होती, तीही कच्ची. तिथली रोजची काडतुसं यंत्रं भरायची. पण वर्षातून एकदा नेमबाजांची मोठी स्पर्धा असे आणि तिच्यासाठी चार हजार काडतुसं हातानं भरली जात. ते काम आमच्या जोखणीच्या खोलीचं. दाराशी तांब्याची पट्टी. तिला हात लावून अंगातली वीज उतरवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आत दगडी ओटा आणि ओट्यावर काचेच्या पेटीत तराजू. पंखा नाही, खिडकी बंद. बोलायचं तर तोंड फिरवून बोलायचं, कारण श्वासानंही पारडं हलतं.

काम ऐकायला अगदी सोपं. पितळी नळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टिकली, आत जोखलेली दारू, वर गोळी. मात्र प्रत्येक नळीत दारू तेवढीच हवी. तेवढीच म्हणजे, एका गुंजेचे वीस भाग केले तर त्यातला एखादाही इकडचा तिकडे होता कामा नये. झाला की लांबच्या टार्गेटवर गोळी वर तरी चढते नाहीतर खाली तरी उतरते.

हे गुंजेचं माप गिरजामावशीचं. तिचा बाप झारेकरी. सराफकट्ट्यावर दुकानांपुढची माती आणि गटारीतला गाळ गोळा करून, धुऊन, त्यातले सोन्याचे कण काढणारा. ती सात वर्षांची असल्यापासून त्याच्या शेजारी बसून चाळणी हलवायची. तिला लिहिता येत होती फक्त दोन अक्षरं, 'गि' आणि 'झा', कारण भरलेल्या प्रत्येक खोक्यात भरणारीच्या नावाची चिठ्ठी टाकावी लागे. एकोणीस वर्षं त्या चिठ्ठ्यांवर तीच दोन अक्षरं होती. एका लॉटला एक हात, हा त्या खोलीचा नियम. जिनं सुरू केलं तिनंच संपवायचं.

आणि मी? मी बारावी पास. कपाटात पडलेली काडतुसं भरण्याची इंग्रजी पुस्तिका घरी नेऊन, डिक्शनरी मांडीवर घेऊन, तीन आठवड्यांत वाचून काढलेली. गटारीतल्या गाळात शिकलेल्या बाईकडून मी काय शिकायचं?

"पुस्तकात लिहिलंय," मी एकदा म्हणाले, "चमच्यानं पूर्ण माप घ्यायचं आणि जास्तीचं काढायचं."

"काढताना किती निघंल, ते सांगतंय का तुझं पुस्तक?"

"नाही."

"मग थोडं कमीच घ्यायचं आणि वरनं घालायचं. हे बघ." तिनं तांब्याचा चमचा पारड्यावर धरला आणि करंगळीशेजारच्या बोटानं त्याच्या दांड्याला टिचकी मारली. तीन दाणे पडले. पुन्हा टिचकी, दोन दाणे. काटा डुलत डुलत मधोमध आला आणि उभा राहिला. "घालता येतं तेवढं काढता येत न्हाई, डिस्कनरी."

डिस्कनरी म्हणजे मी. निर्मला ठोसर हे नाव तिनं पहिल्याच दिवशी निकालात काढलं होतं.

दुसऱ्या पारड्यात ठेवायचं ते वजन, पितळेचं, शर्टाच्या गुंडीएवढं. डाळिंबी मखमलीच्या डबीत ते झोपलेलं असायचं, म्हणून ती त्याला 'बाळ' म्हणायची. बाळाला हात लावायचा नाही. उचलायचं तर हस्तिदंती टोकांच्या चिमट्यानं. बाळाच्या बुडाला एक बारीक खळगा होता, वजन नेमकं करण्यासाठी कधीतरी कोरलेला.

"समजा, वजनच मुळात चुकीचं असलं तर?" मी तिला खिंडीत गाठायला विचारलं.

"असू दे की. चुकलं तरी सारखं चुकलं पायजे. सारखं चुकलं तर सगळ्या गोळ्या एकाच जागी जात्यात. मग नेमबाज आपला नेम सरकवतो. आज येक आणि उद्या येक चुकलं, तर त्यानं काय करावं?"

हे मला तेव्हा अडाणीपणाचं वाटलं होतं.

तिच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. त्या वर्षीचा स्पर्धेचा लॉट तिचा शेवटचा. "येवढी चार हजार माझ्या हातची गेली की मी मोकळी," असं ती तिसऱ्या बाईला, सरलाला, रोज जेवताना सांगायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिच्याकडे अभिमान बाळगायला तेवढीच एक गोष्ट होती आणि ती खोक्यात बंद होऊन दूर कुठेतरी जाऊन उडायची.

मधेच आले आफळे साहेब, आमच्या विभागाचे नवे अधिकारी.

तिशीचे. शर्टाच्या बाहीची घडी इतकी कडक की तिच्यावर भाजी चिरावी. पहिल्याच दिवशी त्यांनी खोलीच्या दारातून आत पाहिलं आणि पत्र्याच्या डब्यात उंदीर सापडल्यासारखा चेहरा केला.

"माणसं चंद्रावर जाऊन आली," ते म्हणाले, "आणि आपण इथं सोनाराच्या दुकानासारखे बसलोय."

"दुकानात न्हाई सायेब," गिरजामावशी तराजूवरची नजर न काढता म्हणाली. "दुकानाच्या भायेर. गटारीत."

मी खाली मान घालून हसले. साहेबांनी ते पाहिलं आणि मी कोणाच्या बाजूनं हसले याचा त्यांनी आपल्याला हवा तो अर्थ लावला. "तुम्ही शिकलेल्या दिसता," ते मला म्हणाले. "इलेक्ट्रॉनिक काटा मागवलाय. कन्सिस्टन्सी म्हणजे काय, ते तेव्हा कळेल सगळ्यांना. तुम्ही चालवाल?"

"हो साहेब."

"गुड. तुमच्या परमनंटचं बघू."

त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे पुस्तिकेतले शब्द पेरायला लागले. आता आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं, पण तेव्हा अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग खंडेनवमी आली. हत्यारांची, अवजारांची पूजा. आदल्या संध्याकाळीच खोलीतली दारू कोठारात रवाना केलेली. सरलानं ओट्याला झेंडूची माळ घातली, ताटलीत हळद मांडली, वाटीत कुंकू पाण्यात कालवून ठेवलं. गिरजामावशी उंबऱ्याबाहेर उभी राहिली, तांब्याच्या पट्टीच्या पलीकडे. विधवा बाईनं कुंकवाच्या कार्यात पुढे यायचं नाही, हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तिच्याशिवाय त्या तराजूचं पान हलत नसे. त्या एका दिवशी मात्र ती परकी.

साहेब आले. असल्या गोष्टी मानत नाही हे चेहऱ्यावर, आणि फोटो निघणार म्हणून कपाळाला गंध. त्यांनी वाटीत अंगठा बुडवला आणि ओट्याला, दाराला, पेटीच्या काचेला फराफरा बोटं ओढली.

"साहेब, काचेलाच हं, आत नको," सरला म्हणाली.

"बरं बरं. आणि ते तुमचं फेमस वजन कुठाय?"

मी डबी उघडली. कोणी सांगितलं नव्हतं. चिमट्यानं बाळ उचललं आणि साहेबांच्या पसरलेल्या तळहातावर ठेवलं.

"ए डिस्कनरी..." दारातून आवाज आला.

साहेबांनी तिकडे न बघताच दुसरा हात वर करून तिला गप्प केलं. बाळ त्यांनी सुपारीसारखं अंगठ्यानं उलटंपालटं केलं, डोळ्यांजवळ नेलं.

"हे? एवढंसं? ह्याच्यावर आपल्या नेमबाजांची इज्जत?"

ते हसले. मीही हसले. त्यांनी ते डबीत परत टाकलं, चिमट्याबिमट्याशिवाय. फोटो निघाला, प्रसाद वाटला, साहेब गेले.

"बाळ पुसलंस का?" संध्याकाळी गिरजामावशीनं विचारलं.

"हो."

"नीट?"

"हो म्हणतेय ना!"

पुसलं होतं. वरून. खोटं काही बोलले नव्हते.

दसऱ्यानंतर लॉट सुरू झाला. गिरजामावशी जोखायची, मी नळ्या द्यायची, सरला गोळ्या बसवायची. रोज संध्याकाळी त्या दिवसातली दहा काडतुसं परीक्षेला रेंजवर जायची. सातव्या दिवशी साहेब सगळे कागद घेऊन आले आणि ओट्यावर आपटले. पारडं बिचारं थरथरलं.

"बघा. बघा तुमच्या एकोणीस वर्षांच्या अनुभवाचा प्रताप."

त्यांनी सहा दिवसांची भोकं एका कागदावर उतरवली होती. घोळका दिसायला हवा तिथं उभी रेघ होती. वरून खाली, मुंग्यांनी धरावी तशी.

"हात थरथरतो तुमचा, गिरजाबाई. वय झालं. मान्य करा."

गिरजामावशी कागदावर वाकली. अक्षर न येणारी बाई, पण तो कागद तिनं माझ्यापेक्षा सावकाश वाचला.

"ही कवाची?" तिनं सगळ्यात वरच्या भोकांवर बोट ठेवलं.

"पहिल्या दिवसाची."

"आणि ही खालची?"

"कालची. का?"

"हात थरथरला असता सायेब, तर कवा वर, कवा खाली, कसंबी झालं असतं. हे रोज थोडं थोडं उतरतंय. एका वाटंनं. हे हाताचं न्हाई. वजन हलकं व्हायलंय."

साहेब एवढ्या मोठ्यानं हसले की सरला दचकली. "वजन हलकं होतंय! पितळ वाळतंय का? उन्हात ठेवलं होतं कुरडयांसारखं?"

"बाळ मोठ्या लॅबला न्या. ताडून बघा. आत्ता."

"नेतो ना. तुमच्या समाधानासाठी नेतो. आणि वजन बरोबर निघालं, तर उद्यापासून तुम्ही खोकी विभागात. ही खोली निर्मला बघतील. कबूल?"

"कबूल."

"निर्मला, डबी आणा."

साहेब आणि ती दोघं बाहेर व्हरांड्यात गेली. सरलाही निसटली. खोलीत मी एकटी. मी डबी उघडली, चिमट्यानं बाळ उचललं आणि काय वाटलं कोण जाणे, उलटं करून भिंगाखाली धरलं.

खळगा लाल होता.

अर्धाच. कुंकू वाळून त्याची खपली झाली होती, कडेची कडेची गळून गेली होती. सहा दिवस चिमट्यानं उचलताना आणि ठेवताना कण कण सुटत होता. मखमल होतीच डाळिंबी. तिच्यावर सांडलेलं कोणाला दिसणार? पहिल्या दिवशी वजन कुंकवासकट होतं म्हणून दारू जास्त पडली, गोळ्या वर गेल्या. मग रोज थोडं कुंकू कमी, रोज थोडी दारू कमी, गोळ्या खाली. बाईनं बाळाकडे न बघता, कागदावरच्या भोकांवरून हे सांगितलं होतं.

"काय हो निर्मला?" बाहेरून साहेबांचा आवाज. "आहे का काही?"

हे कुंकू साहेबांच्या अंगठ्याचं होतं. बाळ त्यांच्या हातावर ठेवणारी मी होते. साहेबांना काही झालं नसतं, ते साहेब होते. कच्च्या नोकरीतल्या पोरीला बाळ उघड्या हातावर ठेवल्याबद्दल मात्र त्याच दिवशी गेट दाखवलं असतं. घरी दोन बहिणी लग्नाच्या, असलं कारण मी नंतर पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बहिणी आठवल्याच नव्हत्या. मला तो ओटा हवा होता.

ओट्यावर फडका होता. मी त्याच्या कोपऱ्याला पीळ दिला, टोक ओलं केलं आणि खळग्यात फिरवलं.

"नाही साहेब," मी म्हणाले. "स्वच्छ आहे."

लॅबमध्ये बाळ बिनचूक निघालं. साहेबांनी तो निकालाचा कागद गिरजामावशीच्या तोंडापुढे धरला, तिला वाचता येत नाही हे ठाऊक असून.

"आता बोला. वजन बरोबर. मग चूक कोण?"

ती बाळाकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, काटा स्थिरावायला लागतो तेवढाच वेळ.

"बाळ बरोबर हाय तर मी चूक," ती म्हणाली.

तिनं ओट्यावरचा फडका उचलला. "हे माझ्या पातळाचं हाय." झटकला, उजेडात धरला, चार घड्या घातल्या, कमरेला खोचला आणि खोकी विभागात निघून गेली. जाताना उंबऱ्यापाशी तांब्याच्या पट्टीला हात लावला. बाहेर जाताना लावायची गरज नसते.

जुना लॉट रद्द झाला. नव्या लॉटची माझी पहिली दहा भोकं चहाच्या कपाच्या तोंडात मावतील अशी आली. येणारच. शिकवणारी कोण होती! साहेबांनी तो कागद स्वतःच्या केबिनमध्ये लावला. "हात तरुण असला की असं," ते भेटेल त्याला सांगत. चार हजार काडतुसांच्या खोक्यांतून 'नि. ठो.'च्या चिठ्ठ्या गेल्या. डिसेंबरात मी पक्की झाले. तो इलेक्ट्रॉनिक काटाही आला आणि कोणी दार उघडलं की आकडे बदलायला लागला. पुढच्या खंडेनवमीला त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं आणि आवरणावर जास्वंदीचं फूल. त्याचा तेवढाच उपयोग झाला.

त्या सात महिन्यांत गिरजामावशी मला कॅन्टीनमध्ये दिसायची. खोक्यांच्या पुठ्ठ्यानं बोटं कापलेली, चिंध्या बांधलेल्या. ज्या बोटाच्या टिचकीनं तीन दाणे पडायचे, त्या बोटालाही. एकच प्रश्न विचारायची.

"बाळ बरं हाय का?"

"बरं आहे मावशी."

बस्स. मी चहा अर्धा टाकून उठायची.

मे महिन्यात तिचा निरोप समारंभ झाला, कॅन्टीनच्याच व्हरांड्यात. आफळे साहेबांनी भाषण केलं. 'गिरजाबाईंसारखी निष्ठावंत माणसं' असे शब्द त्यांच्या तोंडून इतके गुळगुळीत बाहेर पडले की टाळ्या वाजवताना माझे हात चिकट झाल्यासारखे वाटले. शाल झाली, नारळ झाला. मग सरला हळदीकुंकवाचं तबक घेऊन बायकांच्या रांगेतून फिरली. गिरजामावशीपाशी आली तेव्हा तबक अलगद दुसऱ्या हाताकडे झालं आणि मावशीच्या हातात नुसतं फूल पडलं.

मला तेवढंच निमित्त पुरलं. वाटलं, एवढ्या बायकांसमोर आपण हिला कुंकू लावावं. पुढारलेपण होईल आणि दुसरं जे काय आहे तेही त्यात फिटून जाईल. मी तबकात अंगठा बुडवला आणि तिच्यापुढे गेले.

"मावशी, मी लावते. मी असलं काही मानत नाही."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. लाल अंगठ्याकडे बघितलं.

"हात पूस आधी," ती म्हणाली.

मला कळेना. तिनं कमरेची घडी काढली. एक एक करत चार घड्या उलगडल्या. पांढराशुभ्र फडका, चारी कडांना टीप. आणि एका कोपऱ्यात, पिळाच्या सुरकुत्यांत, फिकट लाल डाग.

"साबणानं गेला न्हाई," ती हळूच म्हणाली. फक्त मला ऐकू जाईल असं.

"तुम्ही तेव्हाच... बोलला का नाहीत?"

"बोलून? त्यो सायेब. तू कच्ची. दारातनं भायेर कोण गेलं असतं?" तिनं फूल दुसऱ्या हातात घेतलं. "आणि तुझ्यावर माया म्हणून न्हाई गप बसले, तसलं मनात आणू नगंस. जोखायला येणारं एक माणूस आत ऱ्हायला पायजे होतं. मी तर जाणारच होते."

"मावशी..."

"पूस."

मी पुसला. डागाच्या शेजारीच पुसला. सगळा निघाला नाही, नखाच्या कडेला राहिला.

"नीट," ती म्हणाली.

मी परत पुसला. तिनं फडका माझ्या हातातून घेतला, दोन्ही डाग आतल्या बाजूला जातील अशी घडी घातली, कमरेला खोचली आणि नारळ काखेत मारून गेटकडे चालू लागली.